तरफ की पंप? : घरगुती एस्प्रेसो यंत्रांच्या इतिहासाच्या निमित्ताने

१९७३ साली आलेल्या 'लिव्ह अँड लेट डाय' या बॉण्डपटाच्या आरंभी एक प्रसंग आहे. भल्या पहाटे बॉण्डचे वरिष्ठ, 'एम', त्याच्या घरी येऊन थडकतात आणि बॉण्ड त्यांच्यासाठी कॉफी करायला घेतो. स्वयंपाकघरात एक चकचकीत यंत्र आहे. बॉण्ड त्याचा दांडा हलवतो, वाफ फुसफुसते, दूध फेसाळते. साहेब हा सोहळा निर्विकारपणे पाहतात आणि एवढ्या उठाठेवीतून निघाले ते एवढेच का, अशा अर्थाचे काहीसे विचारतात. प्रेक्षक हसतात आणि कथा पुढे सरकते. पडद्यावरचे ते यंत्र म्हणजे मिलानच्या ला पावोनी कंपनीचे 'युरोपिक्कोला'. घरी एस्प्रेसो करू पाहणाऱ्यांच्या जगात त्याला आज जवळजवळ पूज्य स्थान आहे.

साहेबांचा प्रश्न मात्र आम्हाला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. घरात एस्प्रेसो यंत्र आणायचे ठरवणाऱ्या माणसापुढे आजही मुख्यतः दोन वाटा असतात. पाण्याला लागणारा दाब स्वतःच्या हाताने द्यायचा, म्हणजे तरफेचे, हस्तचालित यंत्र घ्यायचे. किंवा तो दाब विजेच्या पंपाकडून घ्यायचा आणि फक्त पंप कधी सुरू व कधी बंद करायचा तेवढे आपल्या हाती ठेवायचे, म्हणजे अर्धस्वयंचलित यंत्र घ्यायचे. कॉफी दळणे, ती गाळणीत भरणे, दाबून बसवणे, दूध फेसाळणे ही कामे दोन्हींकडे माणसाचीच. फरक एवढाच, की दाब कोणाचा. तरीही या फरकाची चर्चा कानावर पडते ती एका ठराविक भाषेत: तरफ म्हणजे परंपरा, कला, अस्सलपणा; पंप म्हणजे सोय, आधुनिकता, थोडासा आळस. ही विभागणी इतकी ओळखीची आहे की ती तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. इतिहास पाहू गेले तर ती टिकत नाही, असे आमचे मत आहे.

आरंभी ना तरफ होती ना पंप. होती ती वाफ. १८८४ साली तुरीनच्या औद्योगिक प्रदर्शनात आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेच्या जोरावर कॉफी करणारे यंत्र मांडले आणि त्याचे पेटंट घेतले. ते एका वेळी पुष्कळ कॉफी करणारे यंत्र होते. एका गिऱ्हाइकासाठी एक पेला, तोही त्याच्या डोळ्यांदेखत, ही कल्पना १९०१ सालच्या मिलानच्या लुईजी बेत्सेरा यांच्या पेटंटात दिसते. मूठ लावलेली, काढता-घालता येणारी छोटी गाळणी ही त्यांचीच देणगी. ते पेटंट देसिदेरिओ पावोनी यांनी विकत घेतले आणि १९०५पासून यंत्रे बाजारात आणली. एस्प्रेसो या शब्दाच्या अर्थाचे तीन पदर याच काळातले आहेत: दाबून काढलेली, झटपट, आणि खास तुमच्यासाठी केलेली. त्या पहिल्या यंत्रांच्या बाबतीत यांतला पहिला अर्थ सर्वांत दुबळा होता, हे विशेष. वाफेचा दाब वातावरणाच्या जेमतेम दीडदोन पट. आणि तेवढा मिळवायचा तर पाणी शंभर अंशांच्या वर तापवावे लागे. परिणामी निघे ती काळी, करपट, फेस नसलेली कॉफी. आज एस्प्रेसो म्हणून आपण जे ओळखतो, त्याच्याशी तिचे नाते फक्त नावाचे.

पण नावात वेग होता, आणि त्या काळाला वेगाचेच वेड होते. लेओनेत्तो काप्पिएल्लो यांनी १९२२ साली व्हिक्टोरिया आर्दुईनो कंपनीसाठी केलेले भित्तिपत्रक अनेकांनी पाहिले असेल: धावत्या आगगाडीतून बाहेर झुकून यंत्राच्या नळाखालून कॉफी घेणारा प्रवासी. भविष्यवादाचा प्रणेता मारिनेत्ती याला 'युरोपचे कॅफीन' हे बिरुद मिळाले होते, हेही साहित्याच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. त्या पिढीला यंत्राचा पितळी घुमट, वर पंख पसरलेला गरुड, सुटणारी वाफ, हे सारे आगगाडीच्या इंजिनाचे भावंड वाटे. तेव्हा हाताचे कौतुक कोणी करीत नव्हते. कौतुक होते ते यंत्राचे.

घरात मात्र या काळात एस्प्रेसो शिरली नाही. इटालियन घरात गेली ती १९३३ साली अल्फोन्सो बियालेत्ती यांनी काढलेली अॅल्युमिनियमची अष्टकोनी मोका किटली. जेफ्री श्नॅप यांनी २००१ साली 'क्रिटिकल इन्क्वायरी'मध्ये या किटलीवर एक सुरेख निबंध लिहिला आहे. कॅफीन, अॅल्युमिनियम आणि फॅसिस्ट राजवटीचे औद्योगिक स्वप्न यांचा धागा त्यांनी जुळवला आहे. (याच राजवटीच्या भाषाशुद्धीच्या झपाट्यात 'बारमन' या परकी शब्दाला 'बारिस्ता' हा पर्याय पुढे आला. आज जगभर इटालियन परंपरेचे प्रतीक म्हणून मिरवणारा हा शब्द १९३०च्या दशकातला आहे. सावरकरांच्या मोहिमेतले 'महापौर' आणि 'दिनांक' जसे आपल्याला आता नवे वाटत नाहीत, तसेच हे.) मोका किटलीतही दाब वाफेचाच, म्हणून तिच्यातून निघते ती एस्प्रेसो नव्हे. कडक कॉफी घरी किटलीत होणार आणि एस्प्रेसो बाहेर, उभ्या-उभ्या प्यायली जाणार, अशी ही वाटणी इटलीत कितीतरी वर्षे चालली आणि पुष्कळ अंशी अजूनही चालते. घरातले एस्प्रेसो यंत्र म्हणजे बाहेरच्या दुकानाचा एक तुकडा ओट्यावर आणून ठेवण्याचा प्रकार. तो दुकानातला कोणता तुकडा आहे, हा आमच्या प्रश्नाचा गाभा.

तरफ आली ती अकिल्ले गाज्जिया यांच्यामुळे. मिलानमधले हे कॉफी-दुकानदार. वाफेच्या करपट चवीवर उपाय शोधत त्यांनी १९३८ साली फिरकीच्या दट्ट्याचे पेटंट घेतले. युद्ध आड आले. आणि १९४७ साली तरफ व स्प्रिंग यांची जोडी असलेले दुसरे पेटंट त्यांनी घेतले. पुढच्याच वर्षी कंपनी उभी राहिली. रचना समजायला सोपी आहे. दांडा खाली ओढला की आतला दट्ट्या वर जातो आणि त्यावरची जाड स्प्रिंग दबते. दट्ट्याखालच्या नळकांड्यात बॉयलरचे गरम पाणी शिरते. दांडा सोडला की स्प्रिंग सैल होत दट्ट्याला खाली रेटते आणि पाणी कॉफीच्या थरातून जाते. दाब एकदम वातावरणाच्या आठनऊ पटींवर गेला. (दाबाच्या एककाचे नावही 'बार' आणि दुकानाचेही 'बार', त्यामुळे मराठीत लिहिताना आमची थोडी पंचाईत होते.) एवढ्या दाबाखाली कॉफीतली तेले आणि वायू मिळून वर तांबूस-सोनेरी साय धरते. प्रथम गिऱ्हाइकांना ती मळी वाटली आणि मग गाज्जियांनी तिचेच 'क्रेमा' म्हणून बारसे केले, अशी गोष्ट सांगतात. एका दांड्यात नळकांड्यात मावेल तेवढेच पाणी, म्हणून पेल्याचे मापही ठरून गेले. आजही इंग्रजीत एस्प्रेसो 'ओढतात', मग यंत्रावर नुसते बटण का असेना.

गाज्जियांच्या यंत्रांवर एक घोषवाक्य असे: हे यंत्र वाफेवाचून चालते. हे वाचताना आम्हाला हटकून आपल्याकडची लग्ने आठवतात. मांडवाच्या एका कोपऱ्यात वाफ सोडणारे स्टीलचे यंत्र, त्यासमोर रांग, झटपट विरघळणारी कॉफी आणि साखर घोटून तयार केलेले मिश्रण, त्यावर वाफेने फेसाळलेले दूध, वर चॉकलेटच्या भुकटीची चिमूट. आणि पाटीवर नाव 'एस्प्रेसो', किंवा 'एक्स्प्रेसो'. ज्या वाफेला हद्दपार केल्याचा गाज्जियांना अभिमान होता, तीच आपल्याकडे एस्प्रेसोचे सर्वस्व होऊन बसली. यात हसण्यासारखे काही नाही. पेय चांगले होते आणि पुन्हा मिळाले तर आम्ही ते आनंदाने पिऊ. शब्दाचे प्रवास असेच होतात. पण मराठी वाचकाने पुढचे वाचताना ते पेय डोळ्यांसमोरून दूर सारावे, एवढीच विनंती.

आता नीट लक्ष द्यावे अशी गोष्ट: गाज्जियांच्या यंत्रात कॉफीवर दाब देतो तो माणूस नव्हे, स्प्रिंग. माणूस फक्त स्प्रिंग ताणतो. त्यामागचा हेतूच असा, की कामगार दमला असो वा ताजा, नवखा असो वा मुरलेला, पाण्यावरचा जोर तोच राहावा. म्हणजे ज्या तरफेला आज आपण हस्तकौशल्याचे चिन्ह मानतो, ती माणसाच्या हाताचा लहरीपणा वजा करण्यासाठी शोधली गेली. उरले होते ते निव्वळ कष्ट. सकाळच्या गर्दीत ती जड स्प्रिंग पेल्यागणिक ताणायची. कॉफी जाडसर दळली गेली असेल आणि पाण्याला पुरेसा अडथळा नसेल, किंवा दांडा अर्ध्यावरून निसटला, तर तो उसळून थेट हनुवटीवर. अशा कामातून सुटका करणारे यंत्र आले तेव्हा त्या कामगारांनी परंपरा बुडाली म्हणून शोक केल्याचे आम्हाला कोठे आढळले नाही.

ते यंत्र म्हणजे १९६१ सालचे फाएमा कंपनीचे ई-६१. त्या वर्षी इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते, त्यावरून हे नाव. फाएमाचे एर्नेस्तो व्हालेन्ते काही काळ गाज्जियांबरोबर काम केलेले. नंतर वाटा वेगळ्या झाल्या. ई-६१मध्ये विजेचा पंप नळाचे ताजे पाणी घेतो, ते बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत तापते आणि नऊ बारच्या दाबाने कॉफीवर येते. कॉफी-बारचा कामगार सुरू करतो आणि थांबवतो. 'अर्धस्वयंचलित' हा शब्द ज्याला लागू पडतो त्या प्रकाराचे हे मूळ रूप. त्यात एक मजेदार अवशेष आहे. पंप सुरू करायला साधी कळ पुरली असती, पण ई-६१च्या तोंडाशी बोटाने फिरवायचा एक छोटा दांडा आहे. जोर गेला, खूण राहिली. चिन्हमीमांसेच्या तासाला उदाहरण हवे असेल तर शिक्षकांनी हे जरूर वापरावे.

आणि याच १९६१ साली, याच मिलान शहरात, पावोनींच्या कंपनीने 'युरोपिक्कोला' घरांसाठी काढले. घरगुती तरफेची यंत्रे त्याआधीही होती. १९५०च्या दशकात गाज्जियांचेच 'गिल्डा' आले होते, आणि ते नाव रिटा हेवर्थच्या १९४६ सालच्या चित्रपटावरून घेतले असे म्हणतात. पण टिकून राहिले ते युरोपिक्कोला. त्यात स्प्रिंग नाही. दांडा वर उचलायचा, पाणी आत घ्यायचे, आणि मग स्वतःच्या दंडाच्या बळाने तो खाली दाबायचा. साधा हिशेब करून पाहा: दट्ट्याचा व्यास पाच सेंटीमीटर धरला तर नऊ बारसाठी त्यावर सुमारे पावणेदोनशे किलोचा भार हवा. तरफेमुळे त्याचा लहान हिस्साच हाताला जाणवतो, तरी तो जाणवतो खरा. आणि पंचवीसेक सेकंद तो कसा वाढवायचा, कोठे धरून ठेवायचा, कधी सोडायचा, हे सर्वस्वी हाताच्या स्वाधीन.

या दोन घटना आम्ही मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत. ज्या वर्षी कॉफी-बारने कामगाराचा हात मोकळा केला, त्याच वर्षी घराने तो कामाला जुंपला; तोही बारने कधी जुंपला नव्हता अशा रीतीने. हाताने थेट दाबलेली एस्प्रेसो ही दुकानातून घरात आलेली जुनी परंपरा नव्हे. ती प्रामुख्याने घराचीच निर्मिती आहे. दिवसाला शेकडो पेले करणाऱ्याला जे ओझे होते, ते दिवसाला दोन पेले करणाऱ्याला सुख वाटते, यात नवल नाही. जात्यावरच्या ओव्यांचे आपण जे कौतुक करतो, ते गिरणी आल्यानंतरचे आहे. दळणाऱ्या बाईला विचारले असते तर तिने काय सांगितले असते, हे ओव्यांतच पुरेसे स्पष्ट आहे. (येथे वाल्टर बेन्यामिनचे नाव घेण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो.)

पंप घरात येण्याला आणखी दीड दशक लागले. दुकानातला फिरत्या चाकाचा पंप घरासाठी जड आणि महाग. त्याऐवजी विद्युत्चुंबकाने थरथरणारा, मुठीत मावणारा स्वस्त पंप वापरात आला. १९७७ साली 'बेबी गाज्जिया', १९९१ साली 'गाज्जिया क्लासिक', १९९७ साली रांचिलिओ कंपनीचे 'सिल्व्हिया': घरगुती अर्धस्वयंचलित यंत्राचे आजचे रूप या मालिकेतून घडले. शेवटच्या दोहोंत तर गाळणी थेट दुकानाच्या मापाची, अठ्ठावन्न मिलिमीटरची. म्हणजे बाहेरच्या कॉफी-बारचा वारसा सांगायचाच झाला तर तो तरफेपेक्षा या पंपाच्या यंत्राकडे अधिक जातो.

या पंपांमुळे एक खोटी भाषाही बाजारात आली. खोक्यांवर 'पंधरा बार', 'वीस बार' असे आकडे छापतात. पाणी वाहतच नसताना पंप जास्तीत जास्त किती रेटू शकतो, त्याचा तो आकडा. कॉफीला तो दाब नको असतो. इटलीच्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेचे प्रमाण सांगायचे तर सात ग्रॅम कॉफी, नऊ बार, पंचवीस सेकंद, पंचवीस मिलिलिटर, आणि प्रत्येकात थोडी सूट. स्वस्त यंत्रांसोबत दुहेरी तळाची गाळणी येते. तिच्या एकाच बारीक छिद्रातून कॉफी पिचकारीसारखी सुटते आणि कशाही दळलेल्या कॉफीवर फेस दिसतो. १९४८च्या गिऱ्हाइकांनी जिला मळी म्हटले, तिची अशी नक्कल करावी लागावी, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा.

आम्ही दोन्ही प्रकार वापरले आहेत. आमच्याकडे काही काळ स्प्रिंग नसलेले एक जुने तरफेचे यंत्र होते. पहिला पेला पाणचट, दुसरा उत्तम, तिसरा बरा आणि चौथा करपट, असा त्याचा जवळजवळ ठरलेला क्रम. कारण उघड आहे: छोट्या बॉयलरला जोडलेले धातूचे तोंड पेल्यागणिक तापत जाते आणि त्याला थंड करायला ओल्या फडक्याखेरीज काही नसते. शिवाय पाणी संपले तर मध्येच झाकण उघडता येत नाही. आत दाबाखालची वाफ असते, यंत्र बंद करून ती पूर्ण सोडावी लागते आणि मगच पाणी भरावे लागते. घाईने झाकण फिरवणाऱ्याला भाजणार, हे निश्चित. पाहुणे पाच असतील तर हे यंत्र बाहेर काढू नये. पण दळण किंचित बारीक झाले तर ते दांड्यावर हाताला तत्काळ कळते, आणि त्याच पेल्यात थोडे सावरताही येते. चूक कोठे झाली हे शिकवणारा याहून चांगला शिक्षक आम्हाला भेटला नाही. आणि ते नि:शब्द असते. पहाटे घर झोपलेले असताना याचे मोल कळते.

पंपाचे यंत्र घरघरते. त्याच्या लहान बॉयलरचे तापमान कॉफीसाठी एक आणि वाफेसाठी दुसरे, म्हणून दोन्हींच्या मधे थांबावे लागते. साधे थर्मोस्टॅट पाण्याला काही अंश वरखाली हेलकावू देते, आणि हौशी लोक दिवा लागल्यापासून सेकंद मोजून नेमका क्षण साधतात किंवा निराळा नियंत्रक बसवून घेतात. दाबाविषयी मात्र काळजी उरत नाही. उरते ती दळणाची, आणि तेथेच सारे ठरते. दोन्ही प्रकारांना नीट, बारीक, समसमान दळणारे यंत्र लागतेच. पैसे मोजके असतील तर ते आधी तेथे घालावेत. घरात कॉफी पिणारी माणसे तीनचार असतील, दूध घालून पिणारी असतील, सकाळी घड्याळाकडे पाहत पिणारी असतील, तर पंपाचेच यंत्र घ्यावे आणि त्यात आपण काही कमी केले असे मानू नये. एकटा माणूस, दूध नको, सवड आहे आणि बिघडलेला पेला पिण्याची तयारी आहे, तर तरफ. मात्र ती 'अस्सल' आहे म्हणून नव्हे.

एवढ्यात एक नवी गंमत घडली आहे. तरफेची स्प्रिंग सैल होत जाते तसा दाब आरंभी जास्त आणि शेवटाकडे उतरता असतो. अनेकांच्या मते त्यामुळे शेवटचे थेंब कमी कडवट येतात. गेल्या काही वर्षांत पंपाच्या यंत्रांना संगणकीय नियंत्रण जोडून हा उतार मुद्दाम घडवला जातो. महागड्या यंत्रांत 'तरफेसारखा दाब' असा पर्यायच निवडता येतो, आणि गाज्जिया क्लासिकमध्ये स्वतः सुटे भाग बसवून तेच साधणाऱ्या हौशी मंडळींचा 'गाज्जिउइनो' नावाचा एक प्रकल्प आहे. गाज्जियांच्या दृष्टीने तो उतार कदाचित स्प्रिंगचा नाइलाज असेल. आता त्याचा आलेख काढून, सेकंदासेकंदाला पंप आवरून, तो जपला जातो आहे.